कोय, मूग आणि राग

गेल्या महिन्यांत या सदरांत आमचें लेखन आलें नाहीं, याविषयीं दोघां-तिघां वाचकांनीं आपुलकीनें पृच्छा केली. कोणास वाटलें, आम्हांस उन्हाळा बाधला. कोणास वाटलें, नातवंडें आल्यामुळें लेखणीस सुटी मिळाली. खरें कारण सांगण्यास थोडा संकोच वाटतो. आमच्या कुत्र्यानें आंब्याची कोय गिळली होती. आतां कुत्र्याच्या पोटांतील कोय ही मासिकांत मांडण्याजोगी गोष्ट आहे काय, असें कोणी विचारील. आमचें उत्तर असें कीं, त्या कोयीबरोबर आमच्या घरांतील आणखीहि एक गोष्ट बाहेर पडली, आणि ती कोणत्याहि मुलाबाळांच्या घरांत दडून असण्याचा संभव आहे. म्हणून हा प्रपंच.

कुत्र्याचें नांव शबल. हें नांव आम्हीं ठेविलें. वैश्वदेवाचे वेळीं श्याम आणि शबल या यमाच्या दोन श्वानांस अन्नाचा भाग काढून ठेवण्याची चाल ज्यांनीं आपल्या घरीं पाहिली असेल, त्यांस हें नांव नवीन वाटणार नाहीं. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलांतील चौदाव्या सूक्तांत त्या दोघां श्वानांचें वर्णन आहे. चार डोळ्यांचे, रुंद नाकाचे, सरमेचे पुत्र. आमचा शबल दोनच डोळ्यांचा, परंतु नाकानें अस्सल सारमेय. पांच वर्षांपूर्वीं मृगाच्या पहिल्या पावसांत भिजून तो आमच्या पडवींत येऊन बसला, तो तेथलाच झाला. आमच्या कुटुंबानें त्या वैदिक नांवाचें 'शबू' केलें आणि नातवंडांनीं 'शब्या' केलें. तो मात्र तिन्ही नांवांस सारख्याच आनंदानें शेंपूट हालवितो. आमचें घर मालवणहून आचऱ्याकडे जातांना लागणाऱ्या एका वाडींत आहे. मागें माड, पुढें चार कलमें, आणि अर्ध्या कोसावर समुद्र. अशा ठिकाणीं कुत्र्यास खाण्याची वाण पडत नाहीं; उलट नको तें खाण्याचीच सोय अधिक.

वैशाखांत मुंबईचीं नातवंडें आलीं आणि रोजच्या जेवणांत आमरस सुरू झाला. रस काढून झाला कीं सालें आणि कोयी टोपलींत पडत, आणि टोपली परसांतील खड्ड्यांत रिकामी होई. एके दुपारीं शबल आपल्या थाळीकडे फिरकला नाहीं. संध्याकाळीं त्यास ओकारी झाली. प्रथम भात, मग फेंस, मग नुसतें पिवळें पाणी. आम्हीं निदान केलें कीं, हा उन्हाचा विकार आहे, आणि लंघनासारखें औषध नाहीं. एवढ्यावर थांबतों तरी बरें होतें. परंतु आमच्या घरांत वडिलांच्या वेळेपासून पोटाच्या प्रत्येक तक्रारीवर एरंडेल हें पहिलें औषध आहे. आम्हीं स्वतः त्याचा जबडा धरून दोन चमचे एरंडेल पाजलें, आणि कर्तव्य केल्याच्या समाधानानें निजलों.

दुसऱ्या दिवशीं तो पडवीच्या कोपऱ्यांत पाठ कमानीसारखी करून उभा होता. बसवेना, निजवेना. तेव्हां आम्हीं घरांतील सर्वांस ओटीवर बोलावून विचारलें, "यानें काय खाल्लें? कोणीं काय दिलें?" पस्तीस वर्षें शाळेंत ज्या आवाजानें प्रश्न विचारले, त्याच आवाजांत हाहि प्रश्न विचारला. कोणी बोललें नाहीं. नऊ वर्षांचा नातू अंगणांतील आंब्याकडे पाहत उभा होता. आम्हीं ठरविलें कीं, कोणासच कांहीं ठाऊक नाहीं.

तिसऱ्या रात्रीं तो आपल्या आजीच्या कुशींत रडूं लागला. चार दिवसांमागें, आम्ही दुपारीं निजलों असतां, त्यानें कोयीचा चेंडू करून शबलाशीं खेळ मांडला होता. तो कोय फेंकी, शबल झेली. एकदां शबलानें झेलली आणि परत दिलीच नाहीं. कुत्र्यास उष्टें द्यावयाचें नाहीं, हा आमच्या घरचा दंडक. आणि तो दंडक आमचा. मुलास तो पुरतेपणीं ठाऊक होता. म्हणून तें पोर तीन दिवस मूग गिळून बसलें होतें.

सकाळीं उजाडतांच आम्ही शबलास गाडींत घालून कुडाळच्या बाजूस एका पशुवैद्यांकडे गेलों. नातूहि हट्टानें बरोबर आला. डॉक्टर तरुण; त्यांनीं पोट चांचपलें, क्ष-किरणांचें चित्र काढलें, मग सोनोग्राफी केली. सुई किंवा नाणें असतें तर क्ष-किरणांच्या चित्रांत लख्ख दिसलें असतें. कोय तशी दिसत नाहीं, तिच्या मागें आतड्यांत वायूचे फुगे साचतात, त्यांवरून अडथळा कोठें आहे याचा अदमास घ्यावा लागतो. आम्हीं एरंडेलाची गोष्ट सांगितली, तेव्हां त्यांनीं क्षणभर डोळे मिटले. मग त्यांनीं समजावून सांगितलें कीं, वाट बंद असतांना रेचक देणें म्हणजे पुढें दार लावलेलें असतांना मागून गर्दी लोटण्यासारखें आहे. आतडें जोरानें आवळतें, कोय हालत नाहीं, आणि कोयीभोंवतीं आतड्याचा रक्तपुरवठा तुटून तेवढा भाग मरूं लागतो. तो फुटला कीं आंतील घाण पोटांत पसरते. मग कोणाचाच इलाज नाहीं. दोन तास शस्त्रक्रिया चालली. कोय निघाली, परंतु तिच्याबरोबर चार अंगुळें काळवंडलेलें आतडेंहि कापून काढावें लागलें. "पहिल्या दिवशीं कळतें," डॉक्टर म्हणाले, "तर नुसती चीर देऊन कोय काढतां आली असती." त्यांनीं हें कोणास उद्देशून म्हटलें नाहीं. पण नातू आणि आम्ही दोघेहि खाली पाहूं लागलों.

पुढील पांच दिवस तेथें जाण्यायेण्यांत गेले. त्या दिवसांत डॉक्टरांपासून जें शिकलों आणि मागाहून पुस्तकांत पडताळून पाहिलें, तें वाचकांच्या उपयोगीं पडावें म्हणून येथें देतों.

कुत्रा असा कां गिळतो? त्याचे दांत फाडण्यासाठीं आणि फोडण्यासाठीं आहेत, दळण्यासाठीं नाहींत. आपला जबडा आडवा फिरतो, त्याचा वर-खालींच चालतो. आपल्या लाळेंत पीठ पचविणारा रस असतो, म्हणून आपणांस घांस चावून घोळविण्यांत अर्थ आहे; कुत्र्याच्या लाळेंत तो नाहीं, तें काम त्याच्या स्वादुपिंडाकडे आहे. २०१३ सालीं स्वीडनमधील संशोधकांनीं दाखविलें कीं, लांडग्याचा कुत्रा होतांना हा पिष्टपाचक रस बनविणारीं जनुकें त्याच्या शरीरांत अनेक पटींनीं वाढलीं. म्हणजे आपल्या भात-भाकरीवर राहण्याची तयारी त्याच्या शरीरानें हजारों वर्षांमागें केली. गिळण्याची रीत मात्र लांडग्याचीच राहिली. कळपांत जो चघळीत बसेल तो उपाशी राहील. शिवाय त्याचा घसा आणि जठर चांगलेंच ताणतात, पण पुढील लहान आतडें अरुंद असतें. त्यामुळें जें घशांतून सहज उतरतें तें आतड्यांत अडकतें. हापूसची कोय तर रसानें निसरडी झालेली असते. ती आपण होऊनच घशाखालीं उतरते.

आणि कुत्रा पाहतो तें डोळ्यांनीं नव्हे, नाकानें. कोयीस आंब्याचा वास होता आणि मुलाच्या हाताचाहि. या दोन वासांनीं युक्त वस्तु अभक्ष्य असेल, ही कल्पना त्याच्या जातीस नाहीं. छांदोग्य उपनिषदाच्या पहिल्या अध्यायांतील बाराव्या खंडांत कांहीं कुत्रे एका पांढऱ्या कुत्र्यास विनवितात कीं, आम्हांस भूक लागली आहे, तूं गाऊन आमच्यासाठीं अन्न मिळव. त्या विनवणींत अन्न कसलें असावें याविषयीं एक शब्द नाहीं. विवेक देणाऱ्यानें करावयाचा आहे.

आमच्या किनाऱ्यावर असा विवेक न केल्यानें काय होतें, हें रोज पाहावयास मिळतें. गेल्या वर्षीं वाडींतील एका कुत्र्यानें आमिषासकट गळ गिळला आणि तोंडाबाहेर हातभर तंगूस लोंबत होता. आम्ही ती ओढण्यास हात घालणार, तोंच एक वृद्ध मच्छीमार धांवत आला. "मास्तरानूं, वढू नकात! मासो गळाक लागलो तर वढूचो. कुत्रो लागलो तर तंगूस कापून डाक्टराकडे न्हेवचो." त्याचें म्हणणें अक्षरशः शास्त्रशुद्ध होतें. ओढलें कीं गळ अन्ननलिकेंत रुततो. आणि दोऱ्याचें एक टोंक अडकून दुसरें पुढें सरकलें, तर आतडें त्यावर चुणीसारखें गोळा होतें आणि ताणलेला दोरा करवतीसारखा तें चिरीत जातो. जिभेखालीं अडकलेला दोरा, सुतळी, नायलॉनच्या जाळ्याचा तुकडा, या सर्वांस हाच नियम. तोंडाबाहेर थोडा तुकडा ठेवून बाकीचा कापावा, म्हणजे डॉक्टरांस माग लागतो.

रापण ओढून झाली कीं वाळूवर केंड मासे टाकून दिलेले असतात. फुगून गोल होणारा हा मासा कोणी खात नाहीं, तें उगीच नव्हे. त्याच्या यकृतांत आणि गाबोळींत टेट्रोडोटॉक्सिन नांवाचें विष असतें; तें शिजवून जात नाहीं आणि त्यावर उतारा नाहीं. त्यानें स्नायु लुळे पडत जाऊन अखेर श्वास थांबतो. २००९ सालीं न्यूझीलंडमध्यें ऑकलंडच्या किनाऱ्यावर वाहून आलेल्या एका जातीच्या समुद्री गोगलगाई चाटून कुत्रे मेले. तपासांतीं तेंच विष निघालें. तेव्हां कुत्र्यास घेऊन वाळूवर फिरावयास जाणारांनीं त्याचें नाक कोठें चाललें आहे, इकडे लक्ष ठेवावें.

घरांतील वस्तूंविषयींहि थोडें सांगावयास हवें. कांदा आणि लसूण यांनीं कुत्र्याच्या रक्तांतील तांबड्या पेशी फुटतात. म्हणून उरलेली आमटी त्याच्या थाळींत ओतणें ही दया नव्हे. चॉकलेटमधील थिओब्रोमिन त्याच्या शरीराबाहेर फार सावकाश पडतें आणि हृदयास बाधतें. द्राक्षें व मनुका यांनीं मूत्रपिंडें निकामी होतात. २०२१ पासून तज्ज्ञांचा कल असा आहे कीं, त्यांतील टार्टारिक आम्ल हें याचें मूळ असावें, आणि तें आम्ल आपल्या चिंचेंत भरपूर असतें. कोंकणांतल्या घरांत चिंच फोडून वाळत घालतात, तेथें हें विशेष लक्षांत ठेवावें. आमच्यासारख्या मधुमेहींच्या बिनसाखरेच्या गोळ्यांत पुष्कळदां झायलिटॉल असतें. त्यानें कुत्र्याची रक्तांतील साखर अर्ध्या-एक तासांत धोक्याइतकी उतरते. खरकटें अन्न पिशवींत बांधून टाकलें तर तो पिशवीसकट गिळतो. महाराष्ट्रांत प्लास्टिकच्या पिशव्यांवर २०१८ सालीं बंदी आली, तथापि उकिरड्यांस ती वार्ता अद्याप पुरती पोंचलेली दिसत नाहीं.

गिळण्यांत कुत्रा एकटाच वेंधळा आहे, असेंहि नव्हे. २०२३ सालीं वाशिम जिल्ह्यांत एका म्हशीनें टरफलांच्या ताटांत ठेविलेलें सोन्याचें मंगळसूत्र टरफलांबरोबर गिळलें, आणि तिचें पोट चिरून तें काढावें लागलें. टांके ६० हून अधिक पडले. म्हैस आधीं गिळते आणि मग रवंथ करते, म्हणून तिचें खाणेंहि असेंच आंधळें. तथापि ती वार्ता वर्तमानपत्रांत आली ती मंगळसूत्रामुळें. कोयीसाठीं कोणी वार्ता छापीत नाहीं, आणि मंगळसूत्रें गिळणाऱ्यांपेक्षां कोयी गिळणारे शेंकडों पटींनीं अधिक आहेत.

मग करावें काय? गिळल्याचें कळतांच, त्रास सुरू होण्याची वाट न पाहतां, पशुवैद्यांस विचारावें. काय गिळलें, केवढें आणि केव्हां, या तीन गोष्टी नक्की सांगाव्या. मिठाचें पाणी पाजून ओकवूं नये. तें मीठच विषासारखें बाधतें. टोंकदार वस्तु किंवा रॉकेल पोटांत गेलें असतां तर ओकारी करविणें अधिकच घातक. रेचक देऊं नये. तें कां, हें शबलास विचारावें. आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे, कुत्र्याचा जबडा लोंबत असेल, लाळ गळत असेल, आवाज बदललेला असेल, आणि घशांत हाड अडकल्यासारखें दिसत असेल, तर तोंडांत हात मुळींच घालूं नये. पिसाळण्याच्या रोगांत घसा लुळा पडून कुत्रा हुबेहूब असाच दिसतो. त्या रोगांत तो लांकूड, माती, दगड असें भलतेंच खातोहि. लाळ जखमेस लागली किंवा दांत लागला, तर साबण व वाहतें पाणी यांनीं ती जागा पंधरा मिनिटें धुवावी आणि त्याच दिवशीं लस घेण्यास जावें. पाश्चरनें ही लस मनुष्यास प्रथम दिली १८८५ सालीं. इतक्या वर्षांनंतरहि रोगाचीं लक्षणें दिसूं लागल्यावर मनुष्य वांचत नाहीं, असाच जवळजवळ नियम आहे.

येथवर कुत्र्याची कथा झाली. आतां राहिली ती दुसरी गोष्ट.

शबलास घरीं आणिलें त्या दिवशीं गाडींत नातू त्याचें डोकें मांडीवर घेऊन बसला होता. आम्हीं शक्य तितक्या मऊ आवाजांत विचारलें, "पहिल्या दिवशींच कां नाहीं सांगितलेंस?" तो म्हणाला, "आजोबा, तुम्ही विचारलंत तेव्हां मी सांगणार होतों. पण तुम्ही तसं विचारलंत." त्या 'तसं' शब्दास आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. थोड्या वेळानें त्यानेंच विचारलें, "बाबा पण लहानपणीं तुम्हांला घाबरायचे ना?"

पस्तीस वर्षें आमचा वर्ग शाळेंत सर्वांत शांत असे, याचा आम्हांस अभिमान होता. तपासणीस येणारे अधिकारी त्या शांततेची तारीफ करीत. आम्ही समजत होतों कीं, ही शिस्त आहे. आतां वाटतें, त्या शांततेंत कितीजण मूग गिळून बसले होते, कोण जाणे. गणित न समजलेला, डबा न आणलेला, घरीं कांहीं विपरीत घडलें म्हणून खिडकीबाहेर पाहणारा. असे किती असतील? आम्ही विचारीत होतों, परंतु 'तसें' विचारीत होतों. धाकानें मुलगा चूक करीत नाहीं, हा आमचा समज होता. अनुभव असा कीं, धाकानें चूक टळत नाहीं, ती सांगण्याचें मात्र टळतें; आणि कोयीप्रमाणें तीहि आंत अडकून आपल्या भोंवतीचें नासवीत राहते. शबलाचें चार अंगुळें आतडें गेलें, त्यांत नातवाच्या चुकीचा भाग किती आणि आमच्या आवाजाचा किती, हा हिशोब आम्हीं मनाशीं केला आहे. तो आमच्या बाजूनें लागत नाहीं.

शबल आतां पेज-भात खातो आणि अंगणांत हिंडतो. पोटावरील टांक्यांचा वण केंसांखालीं झांकला जात आहे. टांके काढून आणिल्यावर तो प्रथम गेला तो नातवाकडेच, आणि त्यानें त्याचा तोच हात चाटला. त्याच्या मनांत कांहींच नव्हतें.

घरांत दोन नवे नियम झाले आहेत. पहिला असा कीं, कोयी आणि आठळ्या झांकणाच्या बादलींत पडाव्या आणि त्याच दिवशीं खोल पुराव्या. हा नियम सर्वांसाठीं. दुसरा नियम एकट्या आमच्यासाठीं आहे. जो आपण होऊन येऊन सांगेल, त्याचें म्हणणें पुरतें ऐकून घेईपर्यंत आम्हीं तोंड उघडावयाचें नाहीं. तो पाळणें पहिल्याहून कठीण जातें. शाळा उघडण्याच्या आदल्या दिवशीं, मुंबईस निघतांना, नातू आमच्यापुढें येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "आजोबा, तुमच्या चष्म्याची काडी माझ्या हातून मोडली. आत्तांच. शब्याच्या अंगावर पडली असती, म्हणून पकडायला गेलों." चष्मा नवा होता. आमच्या ओठांवर शब्द आले होते. कुटुंब दारांतून पाहत होतें. आम्हीं तो राग गिळला. पुरुषानें गिळण्यास योग्य अशी ही एकच वस्तु आम्हांस आजवर आढळली आहे. आणि साठी उलटल्यावरहि ती पचते, असा अनुभव आहे.